रुंद पट्टा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायची एक जुनी पेटी आहे. वरून करडा पत्रा, झाकणात काचेची उभी नळी, नळीत पारा. सोबत रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचे दोन पट्टे, एक नेहमीचा, एक जाड दंडासाठी रुंद. कारखान्यातल्या बाईंनी माझी नळी तीनदा तपासून मगच झाकण लावलं होतं.

माझी सगळी नोकरी एकाच दवाखान्यात झाली. दोन खोल्या, हिरवा पडदा, डुगडुगणारं बाक. डॉक्टरीणबाई मला स्वतः पुसायच्या. पेशंट म्हणायचे, "बाईंची पेटी खोटं बोलत नाही." मी फुलून जायची. खरं तर मला खरंखोटं काय कळतं? पट्टा जसा बांधाल तसा आकडा येतो.

बाईंकडे दरवर्षी मेडिकल कॉलेजातली नवी मुलं शिकायला यायची, अंगावरच्या नव्या एप्रनच्या घड्याही न मोडलेली. बाईंची एक रीत होती. ज्याने मोजलं त्यानेच आकडा कागदावर लिहायचा आणि सही करायची. खाली बाईंची सही.

एका वर्षी एक अबोल मुलगी आली. तिच्या तिसऱ्या दिवशी एक धिप्पाड बसड्रायव्हर काका आले. त्यांना कामावर द्यायला दाखला हवा होता. रक्तदाब वाढलेला निघाला, तर बस हातची जाणार होती. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीने हाताला लागला तो पट्टा घेतला. तो पुरेना.

"थांब, टोक मी धरतो," काका हसत म्हणाले.

आकडा आला एकशे अडुसष्ट. बाई पलीकडे एका रडणाऱ्या बाळाचा कान बघत होत्या.

"नीट मोजलंस ना?"

"दोनदा, बाई."

बाईंनी कागदावर लिहिलं, पंधरा दिवस गाडी चालवू नये. काकांनी त्याच्या चार घड्या केल्या. "सत्तावीस वर्षांत साधा आरसा फुटला नाही माझ्या हातून," एवढंच म्हणून ते गेले.

गर्दी ओसरली. मला आवरताना मुलीला खणातला रुंद पट्टा दिसला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, आता ही झाकण लावणार आणि घरी जाणार. कुणाला कळणार होतं?

ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, मी काकांना लहान पट्टा बांधला. त्याने आकडा वाढून येतो. परवाच वाचलं होतं मी."

बाईंनी चष्मा काढला. "आणि मी त्यांच्या दंडाकडे न बघता सही केली." त्यांनी लगेच फोन लावला. काका डेपोच्या फाटकाशी पोचले होते. तिथूनच मागे फिरले.

"चूक माझी आहे," बाई त्यांना म्हणाल्या.

"नाही काका, माझी आहे."

"आधी तुमचं दोघींचं ठरवा," काका म्हणाले, "नाहीतर बीपी तुमचंच मोजावं लागेल."

बाईंनी त्यांना पाच मिनिटं शांत बसवलं. मग मुलीने रुंद पट्टा बांधला. पारा वर चढवून तिने हळूहळू उतरवला. एकशे साठ, काही नाही. एकशे पन्नास, काही नाही. एकशे चौतीसला पहिला ठोका ऐकू आला. थोड्या वेळाने बाईंनीही पुन्हा मोजलं, ठोका तिथेच. मुलीचा जीव भांड्यात पडला.

काकांनी जुना कागद फाडून गाडी चालवायला हरकत नसल्याचा नवा घेतला. "पुढच्या खेपेलाही हिलाच मोजू दे," ते म्हणाले. "हिला आता माझा दंड पाठ झालाय."

आता दवाखान्यात बटणाचं यंत्र आलंय. मी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खाते. मित्रांनो, मला खेळायला काढू नका, कचऱ्यातही टाकू नका. काच फुटली तर आतला पारा विषारी असतो. ज्यांना तो हाताळता येतो, त्यांच्याकडे मला सोपवा. आणि तुमच्या हातून कधी आकडा चुकला, तर झाकण लावायच्या आत सांगून टाका. माणूस अजून फाटकापर्यंतच गेलेला असतो.