स्लाइड चौदा, स्लाइड पंधरा

चर्चच्या प्रचारदौऱ्यातल्या दहा देशांपैकी पाच झाले होते. सहाव्या देशात सभेआधी दोन दिवसांची विश्रांती होती आणि पाळकसाहेबांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद दिला होता. अर्ध्या वाटेवर थांबून मनन करायचे, या प्रवासात देवाने आपल्यासाठी काय केले ते एका पानात लिहायचे आणि पान त्यांच्याकडे सोपवायचे. ते वाचून, नीट करून घरच्या मंडळीकडे, म्हणजे आपल्या चर्चकडे, पाठवणार होते. तुकडीतल्या दंतवैद्याने न्याहारी करता करता पान भरून टाकले. गाडी चालवणाऱ्या आणि वर सगळ्यांचा स्वयंपाकही करणाऱ्या ड्रायव्हरने चार ओळी लिहिल्या, त्यांतल्या दोन पाठदुखीबद्दल होत्या. ताईचा कागद मात्र सकाळपासून कोराच होता.

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्या खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या, खिडकीच्या गजांना बांधलेली दोरी होती आणि तिच्यावर तिचे मोजे वाळत होते. टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. ताईने अखेर पेन उचलले आणि एकच वाक्य लिहिले : पाच देशांत मी ते बटण एकतीस वेळा दाबले.

वाक्य खरे होते. पुढे काय लिहायचे तेही तिला ठाऊक होते. पण ते आधी वाचणार होते पाळकसाहेबच, म्हणून तिने पेन खाली ठेवले.

एका शाळेच्या कार्यालयात ती कॉम्प्युटरवर काम करी. या दौऱ्यातही तिचे काम तेच. सभेत शेवटच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसायचे आणि पाळकसाहेबांच्या बोलण्याबरोबर पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवायचे. ड्रायव्हर तिला कौतुकाने ‘बटणवाल्या ताई’ म्हणे. चित्रे एकूण बावीस. त्यांतले चौदावे आणि पंधरावे तिच्या धाकट्या भावाचे होते.

चौदाव्या चित्रात त्याची दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, कानशिलावर पांढरे केस, अंगात इस्पितळाचा निळा सदरा. पंधराव्यात पांढराशुभ्र शर्ट, तुळतुळीत हनुवटी आणि गालभर हसू. चौदावे आले की पाळकसाहेब आवाज खाली आणत. “हा माणूस एका रविवारी माझ्या दारात आला. मी दार उघडलं.” मग ते थांबत. पडद्याकडे पाठ तशीच ठेवून, वळूनही न पाहता, उजवा हात मागे लांब करत. “आणि आता पाहा, देवानं काय केलं!” त्या हाताबरोबर ताई बटण दाबी. सभागृहातून एक लांब सुस्कारा उठे.

पहिल्या देशात गोष्ट एवढीच होती. दुसऱ्या देशात भाऊ तीन महिने पाळकसाहेबांच्या घरी राहिला. तिसऱ्यात तो गायकवृंदात गाऊ लागला. पाचव्या देशापर्यंत तो त्यांच्या मांडीवर डोके ठेवून, हसतमुखाने देवाघरी गेला.

खरे असे होते की पंधरावा फोटो ताईच्या लग्नातला होता. तेव्हा भावाने दारूचा वाससुद्धा घेतला नव्हता. चौदावा त्यानंतर सात वर्षांनी, वॉर्डात, तिनेच काढलेला. त्यापुढे फोटो नाही, कारण त्यापुढे भाऊच नाही. दोन्ही फोटो तिने अंत्यविधीसाठी पाळकसाहेबांकडे दिले होते.

आणि दार? दार तिने स्वतः पाहिले होते. रविवारची दुपार होती, उपासना नुकतीच सुटली होती. भावाचा डावा दंड तिच्या हातात होता. दार वीतभर उघडले, आतून ताटवाट्यांचा आवाज आणि परदेशी पाहुण्यांचे हसणे आले. पाळकसाहेब म्हणाले, “आज पाहुणे आहेत, बाई. शुद्धीवर आला की घेऊन या.”

तो शुद्धीवरच होता. तीन दिवस त्याने थेंबाला हात लावला नव्हता. पाय लटपटत होते ते त्यामुळेच. बंद दारासमोर क्षणभर उभा राहून तो म्हणाला, “चल ताई. त्यांचं जेवण गार होईल.” नवव्या दिवशी तो गेला.

‘ताई’ ही हाकही मूळची त्याचीच. अंत्यविधीच्या दिवशी ‘आता मला ताई कोण म्हणेल’ म्हणून ती रडली, त्यातून पाळकसाहेबांनी ती उचलली आणि तेव्हापासून तेही तिला ताईच म्हणू लागले. हे तिला सर्वांत जास्त झोंबे.

दौऱ्यावर निघताना तिला यातले काही माहीत नव्हते. पहिल्या सभेच्या अर्धा तास आधी तिच्या हाती पेनड्राइव्ह आला. चित्रे पाहून ती धावत गेली. “साहेब, फोटोंचा क्रम उलटा झालाय.”

“उलटा नाही, ताई. लोकांना आशा लागते.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्या भावाचं आयुष्य वाया गेलं नाही, असं समज.”

त्या दिवशी तिने बटण दाबले. पुढे तीसदा दाबले. दर वेळी तिच्या मनातला डूख थोडा पक्का होत गेला. पाळकसाहेब वाईट नव्हते, हे तिलाही दिसे. ते सर्वांच्या आधी उठत, दंतवैद्याची जड पेटी स्वतः उचलत, ड्रायव्हरची पाठ धरली की भांडी घासत. याचाच तिला अधिक संताप येई. निव्वळ दुष्ट माणसाचा राग करणे सोपे होते. घरी पत्र लिहावे, तर पत्रे त्यांच्याच हातून जाणार. तुकडीसमोर बोलावे, तर दंतवैद्य डोळे मिटून प्रार्थनाच सुरू करणार. आणि तिला समजूत नकोच होती. भरल्या सभेत, ऐन वाक्यात, हात मागे लांब केलेला असताना ते तोंडावर आपटावेत, एवढेच तिला हवे होते. कसे, ते तिने तीन देशांपूर्वीच ठरवले होते. क्रम बदलायचा. दोन चित्रांची अदलाबदल. बोटाचे काम.

अकरा वाजता दारावर टकटक झाली. इथल्या सभेची दुभाषी बाई आली होती. सत्तरीची, काठी टेकत चालणारी, पण आवाज ठणठणीत. तिने उमेदीची तीस वर्षे ताईच्याच भाषेच्या मुलखात नर्स म्हणून काढली होती.

“तुमचे साहेब फार भरभर बोलतात म्हणे,” ती खाटेवर बसत म्हणाली. “आधी चित्रं दाखवा, म्हणजे माझी जीभ अडखळायची नाही.”

चौदावे आणि पंधरावे चित्र येताच तिने काठी उचलून अडवले. “थांबा. हा आधीचा, आणि हा नंतरचा?”

“हो.”

“प्रार्थनेनं माणूस बरा होतो, हे मी मानते. पण कानशिलावरचे पांढरे केस पुन्हा काळे झालेले काही मी पाहिले नाहीत.”

“कलप लावला असेल.” खोटे आपल्या तोंडून इतके सहज निघाले, याचे ताईलाच आश्चर्य वाटले.

“आणि डोळ्यांना काय लावलं? पोरी, वॉर्डात हयात गेली माझी. हे पिवळे डोळे बघ. हा फार तर आठवडाभराचा सोबती होता. यानंतर याचा दुसरा फोटो निघणं शक्य नाही.” तिने चश्मा काढला. “कोण हा?”

“माझा भाऊ.”

मग ताईने सगळे सांगितले. दार, ताटवाट्या, गार होणारे जेवण. पाच देशांत पहिल्यांदाच ती ते मोठ्याने बोलत होती. शेवटी तिने उद्याचा बेतही सांगितला.

दुभाषी बाईने तिला जवळ घेतले नाही. ती रुमालाने चश्म्याच्या काचा पुसत राहिली. “हे बघ, जे बोललं जाईल ते सांगणं माझं काम. ते खोटं बोलले तर मी खोटं सांगीन. पण दुसरं कोणी उभं राहून बोललं, तर तेही सांगीन. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.”

“मला बोलायचं नाही. मला त्यांना पडलेलं बघायचंय.”

“बघ की. पण ते पडतील तेव्हा खाली कोण असेल, तेही बघून ठेव.”

ताईला ते कळले नाही. रागाच्या भरात तिने ते कळून घेतलेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला एका तंत्रशाळेच्या सभागृहात सभा भरली. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर यंत्रांचे तक्ते, हवेत वंगणाचा वास. दोनशेवर माणसे आणि पुढच्या दोन रांगांत शाळेचे विद्यार्थी. पाळकसाहेब रंगात होते. त्यांचे एक वाक्य, मग दुभाषी बाईचे एक वाक्य. तेरा चित्रे सुरळीत गेली.

चौदाव्याला पडद्यावर पांढरा शर्ट आणि गालभर हसू आले.

“या माणसाचा चेहरा बघा,” पाळकसाहेब पडद्याकडे पाठ करून म्हणाले. “व्यसनानं पार उद्ध्वस्त झालेला!” दुभाषी बाईने ते जसेच्या तसे सांगितले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. पाळकसाहेबांना ती चुळबुळ करुणेची वाटली. त्यांनी आवाज खाली आणला, दाराची गोष्ट सांगितली, थांबले, हात मागे लांब केला. “आणि आता पाहा, देवानं काय केलं!”

ताईने बटण दाबले. पडदाभर भावाचा शेवटचा चेहरा उभा राहिला.

“बघा ते तेज! बघा ते आरोग्य!”

दुभाषी बाईने तेही सांगितले, एक शब्द न गाळता. आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसले. मग दुसरा. मग रांगच्या रांग हसू लागली. पाळकसाहेब गोंधळून अर्धवट हसले, कारण त्यांना अजूनही काही कळले नव्हते. तिने पाच देश ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि त्या क्षणी सगळे सभागृह तिच्या भावाला हसत होते. तो झिंगत जाई तेव्हा गल्लीतली पोरे हसत तसेच. तिनेच त्याला पुन्हा त्यांच्यापुढे नेऊन उभे केले होते.

ताई उठली. खुर्ची मागे पडली. मधल्या वाटेने ती सरळ पुढे गेली आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. पाळकसाहेब कुजबुजले, “ताई, काय झालं? बिघडलंय का काही?” आणि मग ते वळले. एकतीस सभांनंतर त्यांनी पहिल्यांदा पडद्याकडे पाहिले.

“हसू नका,” ताई म्हणाली. दुभाषी बाईने सांगितले. “हा माझा भाऊ आहे.” दुभाषी बाईने सांगितले. प्रत्येक वाक्यानंतर ताईला थांबावे लागत होते आणि त्या थांबण्याने प्रत्येक वाक्याला वजन येत होते. “हा फोटो मी काढला. तो दोन दिवसांनी गेला. हसणारा फोटो त्याच्या सात वर्षं आधीचा. तो या साहेबांच्या दारात आला, हे खरं आहे. दार वीतभर उघडलं आणि मिटलं. आत जेवण चाललं होतं. त्याचा हात माझ्या हातात होता, म्हणून मला माहीत आहे.”

आता कोणी हसत नव्हते. पुढच्या रांगेत पहिल्यांदा हसलेला मुलगा मान खाली घालून बसला होता. पाळकसाहेब दोन पावलांवर उभे होते आणि आपल्यावरचा आरोप आधी स्वतःच्या, मग परक्या भाषेत, असा दोनदा ऐकत होते. ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतले. तो पाहताना तिला बरे वाटले. ते तिने स्वतःपासून लपवले नाही.

तासाभराने तंत्रशाळेच्या पायऱ्यांवर त्यांनी तिला गाठले. एका तासात माणूस म्हातारा दिसू लागला होता. “मला खरंच तसं वाटायला लागलं होतं,” ते म्हणाले. “सांगून सांगून. तो माझ्या मांडीवर गेला, असं मला आठवायचं, ताई.”

“मला ताई म्हणू नका.”

मग नेहमीचा आवाज थोडासा परत आला. “तू विश्वासणारी आहेस. क्षमा करायला शिकलं पाहिजे.”

“क्षमा मागितली, तर विचार करीन. अजून कोणी मागितलेली नाही.”

ती थांबली, पुरेसा वेळ थांबली. अखेर ते म्हणाले, “उद्याच्या विमानानं तू घरी जा. मी व्यवस्था करतो.”

“मला मंडळीनं पाठवलंय, तुम्ही नाही. परत बोलवायचं तर मंडळीनं बोलवावं. कारण काय कळवणार?” तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “हे माझं पान. अर्ध्या वाटेवरचं मनन. काल रात्री पुरं केलं.”

पहिले वाक्य वाचून त्यांनी वर पाहिले. शेवटचे वाचून कागद हळूच मिटला. “हे मला पाठवता येणार नाही. थोडं नीट करावं लागेल.”

“असू द्या तुमच्याजवळ. दुसरी प्रत दुभाषी बाईंनी सकाळीच टपालात टाकली.”

पत्राला घरी पोचायला दहाबारा दिवस लागणार होते. तेवढ्यात आणखी दोन देश व्हायचे होते.

सातव्या देशातल्या पहिल्या सभेत ताई नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसली. भावाची दोन तिने काढून टाकली होती; चित्रे आता वीसच होती. पाळकसाहेब तेराव्याचे बोलून थांबले. सवयीने त्यांचा उजवा हात मागे जाऊ लागला, अर्ध्यावर अडखळला, आणि ते वळले. तेरावे चित्र ताईने मिटवले होते, पडदा पांढरा होता. त्यांनी अंधारात, शेवटच्या रांगेच्या दिशेने पाहिले. पुढे काय येणार ते त्यांना माहीत नव्हते.

ताईचे बोट बटणावर होते. तिने त्यांना वाट पाहू दिली.