दोघी जावा

थोरलीने अठ्ठावीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली. कुणाला कुठली गोळी, जेवणाआधी की नंतर, सगळं तिला तोंडपाठ. आता तिच्याच गोळ्या मुलगी डबीत भरून ठेवायची: रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि नवरा गेल्यापासून मनाच्या उभारीसाठी सुरू झालेली एक. मागच्या वर्षी न्हाणीघरात चक्कर येऊन ती पडली. हाड मोडलं नाही, धीर मोडला. तेव्हापासून ती खोलीबाहेर पडेना.

मुलीने गुपचूप काकूला फोन केला. सासूच्या आजारपणात थोरली धाकट्या जावेला नको ते बोलली होती. तेव्हापासून नऊ वर्षं दोघींमधून विस्तव जात नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी धाकटी दारात हजर.

"समजूत काढायला आले नाही मी. तुमच्या डॉक्टरांना विचारून आलेय. आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, मग सावकाश उठायचं. चला, जाऊबाई."

"अगं, पुन्हा पडले तर?"

"तर दोघी पडू. एकमेकींच्या अंगावर यायची सवय आहेच आपल्याला."

कित्येक महिन्यांनी थोरलीला हसू फुटलं.

पहिल्या दिवशी जेमतेम जिन्यापर्यंत. महिन्याभराने कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या दुकानापर्यंत. एकदा परतताना थोरली बोलून गेली, "सकाळ झाली की वाटतं, कशाला उजाडलं. घरात कुणाला सांगितलं नाही गं."

धाकटीने तिचा दंड घट्ट धरला. "आजच डॉक्टरांकडे जाऊ. आणि उद्या सहाला मी येणार आहे, तेव्हा उजाडायलाच हवं."

डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली, मनाची बदलली, चालणं सोडू नका म्हणाले. हळूहळू थोरलीला झोप लागू लागली.

थंडी सरता सरता धाकटी गेली. चहा गाळताना कोसळली, ती उठलीच नाही.

नऊ दिवस थोरली भिंतीकडे तोंड करून पडून होती. दहाव्या दिवशी काठी घेतली आणि एकटीच धाकटीच्या घरी गेली. दीर खुर्चीत बसून होते, दाढी वाढलेली.

"भावोजी, चपला घाला."

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. चालायचंय."

गल्लीच्या टोकाला ती थांबली. "तिची माफी मागायची राहूनच गेली माझी. ती विसरली होती का हो?"

"नाही," दीर म्हणाले. "पण तुमच्याकडून आली की दोन घास जास्त जेवायची."

थोरली तिथंच एका पायरीवर बसली आणि पोटभर रडली. दीर काठी धरून शेजारी उभे राहिले.