उबेचे फाटे

चित्रातल्या दोन प्रवाहांच्या मध्ये केसाएवढी पांढरी फट होती. पडद्यावरचं चित्र मोठं केलं की दिसे, लहान केलं की नाहीशी होई. पण एकदा दिसल्यावर ती नाहीशी कशी होणार... योविताने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. ऑक्टोबर अर्धा सरला होता आणि सगळ्या शहरात एकदमच सुरू होणारे हीटर अजून सुरू झाले नव्हते. विल्नियसमधल्या त्या कचेरीत सगळे कोट घालूनच बसले होते, आणि तिच्यापुढचा लेख नेमका घरातल्या उबेविषयी होता — लाकडं जाळली की किती ऊब खोलीत राहते, किती धुराड्यातून जाते, किती खिडक्यांतून, किती भिंतींतून.

देशोदेशीच्या विज्ञानाच्या नियतकालिकांची पानं इथे जुळवली जात. चित्रंसुद्धा हाताने काढायची नाहीत, शब्दांत सांगायची: इथून शंभर भाग सुरू कर, थोडा पुढे जा, इथे फाटा फोड, तीस डावीकडे वळव. प्रवाह किती रुंद करायचा ते यंत्र आकड्यावरून ठरवतं. तुमच्या मनाला तिथे जागा नाही. हा लेख रीगा शहरातल्या एका प्राध्यापकाचा होता. त्याने आपल्या चित्रातले प्रवाह डोळ्यांच्या अंदाजाने रंगवले होते, गोड दिसतील असे. तिने ते आकड्यांनी काढले, तर सगळ्या फाट्यांची बेरीज मूळ प्रवाहाएवढी भरेना. थोडी ऊब कुठे गेली त्याचा पत्ता नव्हता. तिने त्याला तसं कळवलं आणि उत्तराची वाट पाहत फटीकडे बघत बसली. घड्याळाकडे बघायचं नव्हतं म्हणूनही...

कारण दुपारच्या बसने गावाहून, उतेनाहून, बाबा येणार होते. कायमचे.

खोली रिकामी करून झाली होती. मुलगी नॉर्वेला गेल्यापासून त्या खोलीत योविता कपडे वाळत घाली. आता तिथे पलंग होता, नवे पडदे होते, दिवा होता. रोज सकाळी ती खोलीच्या दारात उभी राहून सगळं नीट आहे ना पाहत असे आणि पटकन दार ओढून घेत असे. उद्यापासून पहाटे रेडिओ लागणार. फ्रिजमध्ये खारवलेल्या हेरिंग माशाचा वास. संध्याकाळी खिडकीशी उभ्या उभ्या बीटाचं सूप प्यायची, कुणाशी न बोलता, दिवा न लावता — ती संध्याकाळ गेली. मी वाईट मुलगी आहे का? वाईट नसेन. विहिरीपाशी ते घसरून पडले तेव्हा मीच म्हटलं ना, बाबा, माझ्याकडे या. ते एवढंच म्हणाले, ‘बरं.’ त्या ‘बरं’नंतर आम्ही दोघं फक्त उशा, औषधं आणि बसच्या वेळा यांच्याविषयीच बोलतो...

बाबांनी जन्मभर ओढेच काढले होते. शेतांमधलं पाणी काढून द्यायचं, वाकडे ओढे सरळ करायचे, हे त्यांचं सरकारी काम. मोठ्या कागदावर निळी रेघ, मुखाकडे जाईल तशी रुंद होत जाणारी. आईच्या गावचा ओढाही त्यांनीच सरळ केला. ‘आधी माझा ओढा सरळ केला, मग मला मागणी घातली,’ आई पाहुण्यांना सांगायची आणि हसायची. हसण्याच्या शेवटी थोडं काहीतरी न हसलेलं उरायचं. आई जाऊन आता दुसरा हिवाळा येत होता.

फोन वाजला. बाबांचं नाव. या वेळी तर ते बसमध्ये असायला हवेत — ती उठून जिन्यात गेली.

“बाबा? काय झालं? पडलात का?”

“पडलोय कुठला, चांगला उभा आहे. बस गेली.”

“चुकली?”

“चुकली नाही गं. समोर होती, दार उघडं. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, चढताय की नुसतं बघताय? मी म्हटलं, बघतोय.”

“पण का, बाबा?”

“स्तेफानिया आहे इथे,” बाबा म्हणाले.

“शेजारच्या?”

“शेजारचीच. सोडायला आली होती. वाटेत खायला पाव आणि चीज बांधून दिलं, आणि मग रडायलाच लागली. आता एवढ्या वयाच्या बाईला बस स्थानकावर रडत ठेवून निघून जायचं म्हणजे...”

“म्हणजे?”

“म्हणजे तिच्याकडेच राहीन म्हणतोय. तिची चूल मोठी आहे.” मग घाईघाईने, “हिवाळाभर. पुढचं पुढे.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “तू पडदेसुद्धा आणलेस.”

“पडद्यांचं काय घेऊन बसलात, बाबा!”

“रागावलीस? आईच्या जागी कुणी म्हणून...”

“नाही.”

“खरं सांगू का, पोरी? मला तिकडे यायचंच नव्हतं. चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? पण तू एवढं मनापासून बोलावलंस, नाही तरी कसं म्हणायचं!”

मनापासून... योविताने कठड्यावर हात टेकला. तिच्या तोंडात ‘बाबा, मलाही’ इतके शब्द आले आणि थांबले. तेवढ्यात पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला, “तिला विचारा आधी, जेवली का!”

“जेवलीस का, विचारतेय.”

“नाही अजून. काम आहे. प्रवाह काढतेय.”

“कुठली नदी?”

“नदी नाही, घरातली ऊब. लाकडं जाळल्यावर किती राहते, किती जाते.”

“किती राहते?”

“अर्ध्याहून कमी.”

“अशी चूल बांधणारा गाढव होता,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी ते स्वतः होते.

फोन ठेवल्यावर ती पायरीवरच बसली. मग पोटातून हसू आलं, आवाज न करता, डोळ्यांत पाणी आणणारं. उद्या सकाळी रेडिओ लागणार नाही. हा विचार आला आणि त्याच्या मागोमाग लाज आली — ये, बस, तिने लाजेला म्हटलं, तूही बस. एवढे महिने दोघंही एकमेकांवर उपकार करत होतो, दोघंही रात्री जागे...

शेजारच्या टेबलावरचा एलिगियुस चहाचा कप घेऊन जिना चढत होता. “काय गं, इथे का बसलीस?”

“बाबा येत नाहीयेत.”

“अरेरे. वाईट झालं.”

“हो ना.”

तो दोन पायऱ्या वर गेला, थांबला, वाकून तिचा चेहरा बघितला. “तोंड तर लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय!”

“जा रे, चहा गार होईल तुझा.”

टेबलाशी परतली तेव्हा रीगाहून उत्तर आलं होतं. प्राध्यापकाने मोकळेपणाने लिहिलं होतं: दार विसरलो. माणसं ये-जा करतात, दार उघडतं, थोडी ऊब तेवढ्यात जाते. तो आकडा वेगळा मोजला होता आणि चित्रात घालायचा राहिला. तिने एक ओळ वाढवली, एक बारीक फाटा उजवीकडे वळवला, आणि फट मिटली. पानं संध्याकाळच्या आत छपाईला गेली.

घरी जाताना ती ट्रॉलीबसमध्ये चढली नाही, पुलावरून चालत निघाली. नेरिस नदी काळपट, संथ. आणि तिथे, निम्म्या पुलावर, दुपारपासून मागे रेंगाळलेला विचार समोर आला: बाबा आणि स्तेफानिया — कधीपासून? आईच्या शेवटच्या महिन्यांत स्तेफानिया रोज येत. आईचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसत, आणि बाबा चुलीपाशी पाठमोरे, लाकडं सारखी करत. पाठमोरेच का? आई अंथरुणातून त्या दोघांकडे पाहायची आणि डोळे मिटायची... आईला ठाऊक होतं? की आईनेच सांगून ठेवलं होतं — माझ्यामागे यांना जेवायला घाल? की काहीच नव्हतं, आणि आज बसच्या उघड्या दारासमोर पहिल्यांदाच काहीतरी झालं?

हा विचार आता डसणार म्हणून ती थांबून राहिली. वारा गार होता, मागून माणसं पुढे जात होती. डसला नाही. तिने मनातल्या मनात तो प्रश्न स्तेफानियांना विचारून पाहिला — आधी करड्या आवाजात, मग सहज, मग त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता: ‘आईला माहीत होतं का हो?’ करडा आवाज नाटकातल्यासारखा वाटला. सोलता सोलता विचारलेला मात्र आपला वाटला. उत्तर काय येईल, येईल की नाही, काहीच सांगता येत नव्हतं; पण आपल्याला भांडायचं नाहीये, आपल्याला ती गोष्ट ऐकायची आहे — आईची, जशी असेल तशी — आणि त्यासाठी आपण कुणी न बोलावता उतेनाच्या बसमध्ये चढू, हे तिला कळलं, आणि पुलाच्या टोकापर्यंत ती बटाट्यांचाच विचार करत राहिली.