बोलका डबा

सकाळी यांनी आमच्या धाकट्या लेकीला सुनावलं, "माणसासारखं बोलता येत नसेल तर या घरात बोलूच नकोस!" कुठल्याशा मालिकेतली, कुणीतरी बसून रचलेली भाषा ती शिकली होती आणि चहा हवा की नको तेही त्याच भाषेत सांगायची. तिने खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. मीही म्हटलं, रुसू दे, भूक लागली की येईल बाहेर.

दुपार झाली. हाका मारून मारून माझा घसा बसला. आतून हूं नाही की चूं नाही. जीव टांगणीला लागला. हे नळदुरुस्तीची कामं टाकून बाजारात गेले आणि त्या भाषावेड्यांसाठी मिळतो तो बोलका डबा घेऊन आले. तसाच एक तिच्याकडेही होता. बटण दाबलं की डबा त्या भाषेत हाक मारतो, आणि त्या मंडळींचा नेम असा की कितीही भांडण असो, हाकेला ओ द्यायचीच.

यांनी बटण दाबलं. डबा बोलला, "सारू वेन?"

"वेन सारू," आतून धाकटीचा आवाज आला.

हे रडायलाच लागले. "बोलली गं! निवळेल राग." मग थोड्या थोड्या वेळाने बटण दाबायचे, उत्तर ऐकायचे आणि माझ्याकडे मोठ्या शहाण्यासारखं बघायचे.

मला मात्र चैन पडेना. रडली की धाकटीचं नाक चोंदतं, आवाज घोगरा होतो. हा आवाज खणखणीत होता, आणि दर वेळी तसाच्या तसा.

"दार तोडा," मी म्हणाले.

"अगं, बोलतेय ना ती!"

"तोडा म्हणते ना!"

यांनी पान्याने कडी उचकटली. खोली रिकामी, तळमजल्याची खिडकी उघडी, उशीवर तिचा डबा. यांनी पुन्हा बटण दाबलं आणि उशीवरून उत्तर आलं. आपल्या आवाजात उत्तर भरून ठेवलं की दुसऱ्या डब्याच्या हाकेला तो आपोआप बोलतो म्हणे. इतका वेळ आम्ही प्लास्टिकची समजूत घालत होतो.

मी खिडकीतून वेड्यासारखी ओरडले, "ये गं बाई, वाट्टेल त्या भाषेत बोल!"

समोरच्या शिंपिणीने मशीन थांबवलं. "ती तर सकाळीच गेली, पाठीला पिशवी लावून," ती म्हणाली. "तुमच्या खिडकीखाली बराच वेळ उभी होती. मला वाटलं, तुम्ही हाक माराल म्हणून थांबलीय."