वीतभर पट्टीवर

“उशीर,” सासरे माझ्या कानात ओरडले.

मी सुकाणू फिरवेपर्यंत बोट डावीकडे कलून परत उजवीकडे निघाली होती. घाबरून मी उलटं फिरवलं, तर ती आणखी जोरात आपटली. माझे दात एकमेकांवर वाजले.

“पाय हळूहळू उचल. एकदम सोडलास तर तोंडावर पडेल ती.”

मी रेस हळूहळू कमी केली. बोटीचं नाक खाली आलं, ती पोट टेकून पाण्यात बसली आणि तलावावर शांतता झाली. सासऱ्यांनी आत्ता कुठे डोळे उघडले. शिकवताना ते डोळे मिटूनच बसत. सुरुवातीला मला वाटायचं, जिवाच्या भीतीने मिटतात. माझं चालवणं पाहिलेल्या माणसाला त्याबद्दल त्यांना दोषही देता आला नसता.

“तू डोळ्यांनी चालवतेस,” ते म्हणाले.

“मग कशाने चालवू?”

“बुडाने.”

सासरा सुनेशी असं बोलतो का, असं कुणी विचारेल. आमच्याकडे बोलतो. त्यांनी जन्मभर वेगाच्या बोटी बांधल्या आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी प्रत्येक बोट स्वतः पळवून पाहिली. मी त्यांच्याच कारखान्यात बोटींच्या गाद्या आणि ताडपत्र्या शिवायला लागले आणि तिथूनच या घरात आले. तेव्हा बुडाचा विषय आम्हा दोघांच्याही धंद्यातला. नवऱ्याने मात्र वडिलांचं काही उचललं नाही. तो चष्मे बनवतो, आणि पाण्याला इतका भितो की रस्त्यात डबकं दिसलं तरी वळसा घालतो. माणूस सोन्यासारखा, पण बोटीचं नाव काढलं की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

ही बोट सासऱ्यांनी कुणा गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःसाठी बांधली होती. लांब, अरुंद, दोन माणसांपुरती. तिचा तळ खालून धारेसारखा निमुळता, पण मागच्या टोकाला ती धार रंधा मारून सपाट केलेली. वीतभर रुंदीची पट्टी, बस. वेग वाढला की बोट पाण्यातून वर येत जाते, येत जाते, आणि शेवटी तेवढ्या पट्टीवर पळते; सासरे याला बोट ‘उभी राहणं’ म्हणत. बाकी सगळी हवेत. माणसं, इंजिन, पेट्रोल, सगळं त्या वीतभरावर.

लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवून नेलं. आधी नुसते हादरे. माझ्या मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारून झाल्या. मग त्यांनी अंगठ्याने एक बटण दाबून इंजिन जरासं वर घेतलं आणि हादरे थांबले. कमी झाले नाहीत, थांबले. आपण पाण्यावर आहोत हेच कळेना. काठ दोन्ही बाजूंनी सरकत होता आणि आम्ही दोघं मात्र जागच्या जागी निवांत बसलेलो. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात सुकाणूवर थरथरत होते, इतके बारीक की आधी मला म्हातारपणाची थरथर वाटली. ती थरथर नव्हती. ते बोटीला सावरत होते, क्षणाक्षणाला, आणि चेहऱ्यावर गाढ झोपेतली शांतता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. वाऱ्याने आलं असं मी घरी सांगितलं.

त्यातलं गणित त्यांनी मला फार नंतर समजावलं. मागचा पंखा बोटीला सतत एका अंगाला ढकलत असतो. ती कलायच्या आधी सुकाणू केसभर फिरवायचं, ती सावरली की केसभर परत. कललेली डोळ्यांना दिसली आणि मग फिरवलं, तर तोवर ती परतीच्या वाटेला लागलेली असते आणि आपण तिला आणखीच ढकलतो. शिकणारा प्रत्येक जण हीच चूक करतो. नजर जितकी तेज, तितकी चूक मोठी. कलणं बुडाला आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. म्हणून ते डोळे मिटत.

पण हे बुडाला कळणंच आता त्यांना सोडून जायला लागलं होतं. जन्मभर पाण्यावर आपटून घेतलेल्या मणक्यांनी शेवटी नस दाबली. आधी तळपाय बधिर झाले. एकदा पायाखालची रेस कळली नाही आणि ते धक्क्याच्या खांबावर जाऊन आदळले. बोटीला ओरखडा, त्यांना खरचटलं, एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मनगटाची दोरी सोडली, चालवणारा पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी, आणि माझ्या मनगटाला बांधली. मग बधिरपणा घोट्यांत आला, गुडघ्यांत आला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, त्यानंतर बोटीत पाय ठेवायचा नाही.

म्हणजे मला जे शिकायचं ते तोवरच. कारण बोट पट्टीवर खरंच उभी राहिली की नाही हे सांगणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नव्हता. आणि माझ्या शेजारी बसून त्यांना ती शांतता पुन्हा एकदा मिळायची, तर ती माझ्याच हातून.

मी रोज पहाटे बोट काढायचे आणि रोज उशीर करायचे.

मग एका सकाळी बोट डुलली, मी कशीबशी आवरली, ती सरळ झाली, आणि त्यानंतर ते म्हणाले, “उशीर.” आज उशीर त्यांना झाला होता.

“गादी जाड झालीय,” ते म्हणाले. “थोडी कमी कर.”

गादी जाड नव्हती. मीच शिवली होती. तरी मी मुकाट्याने शिवण उसवली आणि अर्धा फोम काढला. दोन दिवस बरं गेलं. मग पुन्हा, “अजून कमी कर.” मी बोटाएवढा थर ठेवला. मग तोही काढला. शेवटी फळी आणि तिच्यावर ताणलेलं रेक्झिन. आख्ख्या धंद्यात मी इतकी वाईट गादी कधी शिवली नव्हती.

नवऱ्याने ती पाहिली आणि त्याचा पारा चढला.

“ऑपरेशन तोंडावर आलंय आणि तू बाबांना फळीवर बसवतेस?”

“मी नाही बसवत. ते बसतात.”

“एकाच माळेचे मणी तुम्ही दोघं. बाबा, अहो कंबर जाईल.”

“गेलेली कंबर अजून कुठे जाणार?” सासरे म्हणाले. मग हळू आवाजात, “हे बघ, हिच्या हातून एकदा ती उभी राहिलेली मला कळू दे. मग डॉक्टर म्हणतील तितके दिवस गुपचूप पडून राहीन. शब्द देतो.”

नवऱ्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. पुसून झाल्यावर म्हणाला, “दुखलं तर लगेच परत यायचं.”

“दुखलं तर बरंच की,” सासरे म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी पाणी मनासारखं होतं. अगदी गुळगुळीत पाणी तळाला चिकटतं. वर बारीकशी सुरकुती हवी. नवरा काठावर आला होता, पाण्यापासून सुरक्षित अंतर ठेवून. त्याने वडिलांना दंडाला धरून बोटीत उतरवलं. तेवढ्यासाठी तो धक्क्याच्या अगदी कडेपर्यंत आला, हे मी पाहिलं.

मी रेस दिली. नेहमीचे हादरे सुरू झाले. इंजिन वर घेतलं. बोट उचलली जाऊ लागली आणि डुलण्याची पहिली चाहूल मला लागली. कुठून लागली ते सांगता येणार नाही. दिसलं तर काहीच नव्हतं. हात केसभर गेला. परत आला. पुन्हा गेला. मी वाट पाहत होते की आता डुलेल. ती डुलली नाही. हादरे विरले, सुकाणू इतकं हलकं झालं की आपण ते धरलंय का अशी शंका यावी, आणि अख्खी बोट, मी आणि ते, त्या वीतभर पट्टीवर उभे होतो. काठ वाहत होता. आम्ही स्थिर होतो. इतकी वर्षं या माणसाच्या चेहऱ्यावर जे पाहिलं होतं ते आता माझ्या अंगात आलं होतं. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्हींसाठी मला वेळ नव्हता.

मी ‘उशीर’ची वाट पाहत होते. आला नाही. मला वाटलं, त्यांना कळलं, कारण बोट उभी राहिली की ते गप्प होत.

“उभी आहे का?” त्यांनी विचारलं.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. डोळे मिटलेले. दोन्ही तळवे मांड्यांवर. त्यांच्या हाताने रंधा मारलेली पट्टी त्यांच्याच खाली पळत होती, मध्ये फक्त एक फळी, आणि त्यांना ती कळत नव्हती.

“आहे, बाबा,” मी ओरडले. “उभी आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

डोळे उघडून काठाकडे पाहिलं असतं तरी त्यांना समजलं असतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. खांदा माझ्याकडे कलता करून त्यांनी कान माझ्या तोंडाजवळ आणला.

“सांग,” ते म्हणाले.

“डावीकडे जायचं मनात आहे तिच्या. घेतलं. सावरली. आता हलकी आहे, अगदी हलकी. नाक जरा वर बघतंय. बटण सोडलं. आता पुन्हा डावी... घेतलं.”

मांडीवरचा त्यांचा उजवा हात हलत होता. केसभर पुढे, केसभर मागे. माझे शब्द पुरे व्हायच्या आत तो तिथे पोचलेला असायचा.

तलावाचं टोक जवळ आलं. “आता उतरवते, बाबा.”

“उतरव. पण बोलायची थांबू नकोस.”

मी पाय हळूहळू उचलला, आणि ती पोट टेकून पाण्यात बसेपर्यंत तिचं सगळं त्यांना सांगत राहिले.