फणसातला फ

होडी निघायच्या वेळी घरात भलतंसलतं काही करायचं नाही, असं सावित्रीने सुनेला सकाळीच बजावलं होतं. पण आबा उजाडल्यापासून पडवीत नुसते तळमळत होते, एका हाताने खांब धरून खाडीकडे झेपावत होते. त्यांना शांत बसवावं म्हणून नेत्राने बिस्किटाचा डबा पुढे ओढला.

डब्यात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली अक्षरं होती. नेत्राचे सासरे गुणाजी, म्हणजेच आबा, हे पूर्णगडचे नावाजलेले तांडेल. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. शिमग्यानंतर अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या बाईंनी उपाय सांगितला होता: अक्षरं उलटसुलट करून द्या, शब्द जुळवू द्या आणि जुळला की त्याचा अर्थ विचारा. शब्द जुळायचे हो, पण अर्थाच्या नावाने आनंदीआनंद! ‘चमचा’ नीट लावायचे आणि बोट दाखवायचे केरसुणीकडे. कालच ‘उशी’ लावली आणि हट्टाने चहा मागितला. आबा काय सांगतात याकडे घरातल्यांनी लक्ष देणंच सोडलं होतं. नेत्रा तेवढी चिकाटीने बसायची.

आज तिचा नवरा अजिंक्य तांडेल म्हणून पहिल्यांदा होडी काढणार होता. खलाशी चढले होते. भरतीचं पाणी आहे तोवरच खाडीच्या तोंडावरची वाळू ओलांडायची, नाहीतर दिवस फुकट.

नेत्राने ‘कपाट’ची अक्षरं विस्कटून मांडली. आबांनी ती हाताने भिरकावली. डबाच उपडा केला आणि जमिनीवर पसरलेल्या ढिगात डावा हात घालून शोधू लागले. घाम फुटला होता. एक अक्षर मिळालं: फ. डब्यात तो एकच होता, ‘फणस’साठी केलेला. तो गुडघ्याखाली दाबून ते पुन्हा शोधत राहिले. खाली होडीचं इंजिन सुरू झालं तसे ते आणखीच घाईने ढीग उपसू लागले. भिरकावलेल्या अक्षरांतलं एक त्यांनी शेवटी सरपटत जाऊन आणलं आणि फ शेजारी ठेवलं.

“फट,” नेत्राने वाचलं. “बरोबर, आबा. आता अर्थ दाखवा.”

हे ती सवयीने म्हणाली. आबांनी तिचं मनगट पकडलं. दाराच्या दोन फळ्यांमध्ये चीर होती. तिचं बोट तिथे टेकवून त्यांनी वरून खालपर्यंत ओढलं आणि मग तेच बोट होडीकडे वळवलं.

नेत्रा ताडकन उठली.

सावित्री ओवाळणीचं ताट घेऊन परत येत होती. “आई, होडीला फट आहे म्हणतायत आबा!”

“आणि काल उशीला चहा म्हणत होते, ता विसरलीस?”

“थांबवूया त्यांना. एक हाक मारते.”

“मागसून हाक?” सावित्रीचा चेहरा उतरला. “दर्यावर निघालेल्या माणसाला? पयल्याच फेरीला? नाय हां गो, माज्या पोराच्या वाटंत अपशकुन नको!”

नेत्रालाही भीती होतीच. शिवाय आबांचा शब्द आजही चुकला, तर बायकोने माघारी बोलावलेला तांडेल म्हणून अजिंक्यची अख्खा हंगाम टिंगल होणार होती. तिने आबांकडे पाहिलं. ते फ आणि ट वर मूठ आपटत होते आणि रडत होते.

ती धावली.

दोर सुटला होता. “अहो! अहो, थांबा!” इंजिनापुढे त्या ‘अहो’ला कोण विचारतो? तिने डोळे मिटले आणि सगळ्या बंदरादेखत नवऱ्याचं नाव घेऊन बोंब ठोकली. “अजिंक्य!”

काठावरच्या बायका बघतच राहिल्या. होडी वळून काठाशी आली. अजिंक्यने पाण्यात उडी टाकली आणि तो तणतणत आला.

“अक्कल हाय काय तुला? पाणी जातंय खाली!”

“होडीला फट आहे. आबांनी सांगितलं.”

“कुठं?”

ते तिला ठाऊक नव्हतं. खलाशी हसायला लागले. तेवढ्यात मागे पाय फरफटल्याचा आवाज आला. आबा येत होते, आणि सावित्रीनेच त्यांना खांदा दिला होता. अपशकुन झाला तो झाला, आता तिला पोरगं सुखरूप हवं होतं.

आबा गुडघाभर पाण्यात शिरले. नव्या लाल रंगावर, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेच्या डाव्या अंगाला त्यांनी तळवा ठेवला आणि तो काही केल्या उचलेनात.

अजिंक्य वर चढला, नाळेजवळची आतली फळी त्याने उचकटली आणि हात खाली घातला. कोपरापर्यंत पाणी होतं.

“काल मी उपसला तेवढा,” रघू खलाशी चाचरत म्हणाला. “पावसाचा समजलो मी.”

अजिंक्यने बाहेर वाकून सुरीचं टोक फळ्यांच्या सांध्यात घातलं. रंगाखालचं, फट बुजवायला भरलेलं लुकण भिजून मऊ झालं होतं, सुरी मुठीपर्यंत आत गेली. दर्यावर पहिल्याच मोठ्या लाटेला तिथली फळी सुटली असती.

तो खाली उतरला आणि आबांसमोर उभा राहिला.

“होडी रंगवताना रोज हितंच हात फिरवत बसायचे,” तो नेत्राला म्हणाला. “मला वाटला, माया करतायत. रंग ओला हाय म्हणून मीच हात धरून बाजूला करायचो.”

त्या ओल्या रंगाचा लाल डाग अजून न गेलेला आबांचा हात त्याने उचलला आणि पुन्हा होडीवर टेकवला.

“आता दाखवा, आबा. सगळी होडी दाखवा.”

आबांचा हात एकेका फळीवरून सरकायला लागला. भरतीचं पाणी उतरत होतं, पण तिकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. सावित्री ओलं लुगडं सावरत घाईघाईने घराकडे निघाली, अक्षरांचा डबा आणायला.