सासूबाईंचा होकार

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी आधीच कबूल करून टाकते. माझा नवरा यशपाल म्हणतो, हिला शिंक आली तरी लोक दोन पावलं मागे सरकतात. सरकू देत. पण त्या सप्टेंबरात मी जे बोलून बसले, ते आठवलं की आजही माझं मलाच नकोसं होतं.

२०१४ची गोष्ट. हायडेलबर्गचं आमचं घर महिनाअखेरीला सोडायचं होतं. यशपाल जूनपासून हॅम्बर्गला नव्या नोकरीवर होता आणि दोघा मित्रांबरोबर एका खोलीत राहत होता. माझं लॅबमधलं काम संपत आलं होतं. मला आठवा महिना लागला होता आणि बाळंतपणासाठी सासूबाई नाशिकरोडहून आल्या होत्या. हॅम्बर्गला चार महिने शोधून एक दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. तिथली मालकीण म्हणत होती, डिपॉझिटची सगळी रक्कम आधी, मग किल्ली. आणि आमच्याकडे एकरकमी देण्यासारखे पैसे होते ते एकाच ठिकाणी, ते म्हणजे हायडेलबर्गच्या घराचं डिपॉझिट. इथे जर्मनीत त्याला काउत्सिओन म्हणतात. तीन महिन्यांचं भाडं, पंधराशे साठ युरो. ते परत मिळाले तर हॅम्बर्गचं घर, नाही तर बाळाला घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न.

आमचे घरमालक हेर लाम्बर्ट आणि त्यांची बायको फ्राउ लाम्बर्ट खालच्याच मजल्यावर राहायचे. म्हातारा तसा बरा होता. बागेतली सफरचंदं आणून द्यायचा, जिन्यात भेटला की टोपी काढायचा. तीन वर्षांपूर्वी मी पैसे पाकिटात घालून त्यांच्या हातात दिले होते. त्यांनी पावती दिली, मी ती फाइलला लावली. ते पैसे ते कुठे ठेवतात, हे काही मी विचारलं नाही. आजोबांच्या वयाच्या माणसाला असं कसं विचारायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते आमच्यासारख्यांना बघूनच म्हटलं असणार.

तर एका संध्याकाळी मी लॅबमधून घरी आले, तर पत्रपेटीत हेर लाम्बर्टचं पत्र. एकाच घरात वरखाली राहतो, पण पत्र टपालाने. मजकूर असा, की बुधवारी तुमच्या आईंशी प्रत्यक्ष बोलणं झालं आहे. संपूर्ण घराला रंग द्यावा लागणार असून त्या खर्चापोटी काउत्सिओन मी ठेवून घेत आहे. तुमच्या आईंनी याला स्पष्ट होकार दिलेला आहे. एकदा नव्हे, तीनदा.

मी जिना कशी चढले मला माहीत नाही. सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी पत्र त्यांच्यासमोर टाकलं आणि विचारलं, बुधवारी खालचा म्हातारा वर आला होता का? आला होता, म्हणाल्या. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे, सांगण्यासारखं काय होतं, भिंतींकडे बघितलं, काहीतरी बोलला, चहा घेतला आणि गेला. आणि तुम्ही काय बोललात? मी काय बोलणार बाई, मला कुठे त्याची भाषा येते?

इथे मी थांबायला हवं होतं. नीट बसून विचारायला हवं होतं. पण डोक्यात पंधराशे साठ, हॅम्बर्गची किल्ली आणि पोटात लाथा मारणारं पोर. मी म्हणाले, “काही कळत नसेल ना आई, तर तोंड उघडत जाऊ नका.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. “बरं,” म्हणाल्या आणि मेथी निवडू लागल्या.

या बाईने नाशिकरोडच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून काम केलं आहे. डॉक्टरांना ऐकवणारी बाई. यशपालला आणि त्याच्या बहिणीला एकटीने वाढवून इंजिनिअर केलं. तिला मी हे बोलले. आणि तिने ते शब्दशः पाळलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळची वंदना तेवढी ऐकू यायची, बाकी घर चिडीचूप. जेवायला वाढायच्या, माझे पाय चेपून द्यायच्या, पण बोलणं नाही. जिन्यातल्या जर्मन शेजारणीशी रोज मराठीतच गप्पा मारायच्या, त्यासुद्धा बंद. शुक्रवारी यशपालचा फोन आला. आई तिकीट बदलून मागतेय, म्हणाला, डिसेंबरचं दोन ऑक्टोबर कर म्हणतेय, झालं काय तुमच्यात? मी म्हटलं, काही नाही. माझ्या तोंडून खरं निघेना. तो म्हणाला, सोमवारी एजंटला पैसे भरतो मग.

माफी मागायची होती हो मला. दोनदा त्यांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिले. एकदा विचारलं, पाणी आणू का, आणि एकदा खिडकी लावून परत आले. आमच्या माहेरी माफी मागायची रीतच नव्हती. आमच्याकडे भांडणानंतर एकदम जेवायलाच हाक मारायचे.

पैशांचं मात्र मी सोडणार नव्हते. सोमवारी सकाळीच भाडेकरूंच्या संघटनेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की करारावर सही कुणाची आहे? माझी. मग तुमच्या सासूबाईंनी होकार दिला काय आणि गाणं म्हटलं काय, त्याला काही किंमत नाही, म्हणाल्या. त्यांनी मग मला विचारलं, काउत्सिओन कुठल्या खात्यात आहे? मी फाइलमधली पावती पुढे केली. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की कायद्याने मालकाने ही रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवायची असते. तो उद्या कर्जात बुडाला तरी भाडेकरूचे पैसे बुडू नयेत म्हणून. तुम्ही पुरावा मागू शकता, त्याला दाखवावाच लागतो. हेही म्हणाल्या, की घर तपासायला त्याला काही महिने मिळू शकतात, आणि हॅम्बर्गचं डिपॉझिट कायद्याने तीन हप्त्यांत देता येतं. पण मला माहीत होतं, कायदा दाखवल्यावर तिथली मालकीण घर दुसऱ्याला देऊन मोकळी होणार. मग कायदा काय चाटायचाय?

दुपारी मी खालच्या दाराची बेल वाजवली. लाम्बर्ट जोडप्याने मला बसवलं, पाठीला उशी दिली. माझा राग उशीने थोडा कमी झाला, पण थोडाच. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंना जर्मन येत नाही, त्या होकार देणारच कशा?

हेर लाम्बर्ट दुखावले. मी खोटं लिहीत नाही, म्हणाले. मी दारात उभा राहून विचारलं, घराला रंग द्यावा लागेल, त्याचा खर्च काउत्सिओनमधून घेऊ का? तर तुमच्या आई हसून म्हणाल्या, या, या. पुन्हा विचारलं, पुन्हा या, या. आत बोलावून खुर्ची दिली. तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाल्या, या, या, बास्ता. म्हणजे, विषय संपला.

“बास्ता?” मी विचारलं.

“बास्ता. इटालियन लोक म्हणतात तसं.”

आणि म्हाताऱ्याने सासूबाईंसारखा हात हलवून दाखवला. तळवा खाली, बोटं आत. आपण दारातल्या पाहुण्याला बोलावतो तसा.

या, या, बसा.

चार वर्षं मी या देशात होते. होय या अर्थाचं ‘या’ दिवसातून शंभर वेळा ऐकत होते, स्वतः म्हणत होते. पण आईंना मी विचारलंच नव्हतं की तुम्ही काय म्हणालात. त्यांनी दारात आलेल्या माणसाला घरात घेतलं होतं, बसवलं होतं, चहा पाजला होता. एवढाच त्यांचा गुन्हा. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मी त्या दोघांना अर्थ सांगितला. आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे आत या आणि ‘बसा’ म्हणजे बसून घ्या. फ्राउ लाम्बर्ट इतक्या हसल्या की त्यांना रुमाल शोधावा लागला. म्हातारा मात्र कानांपर्यंत लाल झाला.

मग मी शांतपणे विचारलं, काउत्सिओनचं वेगळं खातं दाखवता का?

हेर लाम्बर्टनी टेबलावरचा कापडी रुमाल नीट केला. मग आणखी नीट केला. शेवटी म्हणाले, वेगळं खातं नाही. दोन वर्षांपूर्वी हीटिंगचा बॉयलर गेला, तेव्हा ते पैसे त्यात घातले. परत भरीन म्हणत होतो, राहून गेलं. मग तुम्ही घर सोडायचं कळवलंत आणि माझी झोप उडाली. रंगाचं निमित्त सापडलं, तुमच्या आई ‘या’ म्हणाल्या, आणि मला ते ऐकायचंच होतं.

फ्राउ लाम्बर्टचं हसू केव्हाच थांबलं होतं. त्यांना बॉयलरचं काही माहीत नव्हतं. त्यांनी उठून कपाटातून स्वतःचं बचतीचं पासबुक काढलं आणि मला म्हणाल्या, उद्या बँकेत जाते, परवा तुमच्या खात्यावर सगळे पैसे येतील, व्याजासकट. रंग आमचा आम्ही देऊ. मी म्हटलं, व्याज राहू दे. तर म्हणाल्या, नाही, मोजूनच देणार. आणि खरंच, बुधवारी सगळी रक्कम वर काही सेंट घेऊन आली.

पण त्या सोमवारीच हेर लाम्बर्ट माझ्या मागोमाग जिना चढून वर आले. मला तुमच्या आईंशी बोलायचंय, म्हणाले. मी दार उघडलं. सासूबाई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. पलंगावर त्यांची बॅग उघडी दिसत होती, साड्यांच्या घड्या करून ठेवलेल्या. म्हाताऱ्याला बघून त्यांनी हात जोडले. तोंडातून अवाक्षर नाही.

हेर लाम्बर्टनी टोपी काढली आणि खाली बघत चार वाक्यं बोलले. मग मला म्हणाले, कृपा करून यांना सांगा.

मी तोंड उघडलं. त्यांचं जर्मन माझ्या कानात होतं, पण ओठांवर दुसरंच आलं.

“आई, तुम्हाला इथली भाषा येत नाही याचा मी फायदा घेतला. तुमची काहीच चूक नव्हती. घरात आलेल्याचा तुम्ही मान केलात आणि मी तुम्हाला नको ते बोलले. चुकले मी. माफ करा.”

सासूबाईंनी माझ्यावरून नजर काढून म्हाताऱ्याकडे बघितलं. हेर लाम्बर्ट टोपी फिरवत उभे होते.

“हे सगळं तो म्हणाला?”

“हो.”

“बाप्या माणूस ‘बोलले’ म्हणतो? ‘चुकले मी’ म्हणतो?”

मी नकारार्थी मान हलवली आणि नाक ओढलं. त्या पुढे आल्या, त्यांनी आपला खरखरीत हात माझ्या गालावरून फिरवला आणि नाक पुसायला पदर दिला.

“बरं. आता त्याचं काय आहे तेही नीट सांग, म्हातारा कधीचा ताटकळलाय,” त्या म्हणाल्या. “आणि मग यशपालला फोन लाव. तिकिटाचे पैसे भरले नसतील, तर भरू नको म्हणावं.”